जुन्या चांदीच्या नाण्यांचे मोल कशावर ठरते ?

घरोघरी देवघरात, कपाटाच्या खणात किंवा आजीच्या पेटीत चांदीचे दोन-चार जुने रुपये जपून ठेवलेले आढळतात. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ते ताम्हनात मांडले जातात आणि एरवी विस्मरणात पडून राहतात. अडीअडचणीच्या प्रसंगी मात्र त्यांची आठवण होते. मग ते सराफाच्या तराजूत पडतात आणि मोड म्हणून विकले जातात. याउलट, जुने नाणे म्हणजे लाखो रुपयांचे घबाड, अशीही समजूत अलीकडे पसरली आहे. या दोन्ही समजुती अपुऱ्या असून दोन्हींमुळे सामान्य माणसाचे नुकसान होते. जुन्या चांदीच्या नाण्याचे खरे मोल कशावर ठरते, याची माहिती म्हणूनच प्रत्येक कुटुंबाला असणे अगत्याचे आहे.

या विषयाची सुरुवात मध्य प्रदेशाच्या राजधानीपासून करणे सोयीचे होईल. भोपाळमधील साकेत नगरासारख्या वसाहतींतून नोकरी-व्यवसायानिमित्त मराठी कुटुंबे राहतात. माळव्याशी मराठी माणसाचा संबंध शिंदे, होळकर व पवार यांच्या काळापासूनचा. अशा एखाद्या कुटुंबाच्या डब्यात इंदूरचा होळकरशाही रुपया, उज्जैनचा शिंदेशाही रुपया, भोपाळच्या बेगमांच्या राजवटीतील रुपया आणि इंग्रजी अमदानीतील राणीछाप कलदार रुपया, असे चार प्रकार एकत्र सापडू शकतात. चारही चांदीचे, चारही वजनाने जवळपास सारखे. तरीही संग्राहकाच्या दृष्टीने त्यांची किंमत सारखी नसते. ती का नसते, याचे उत्तर शोधणे हाच या लेखाचा हेतू आहे.

धातूचे मोल

कोणत्याही चांदीच्या नाण्याचे किमान मोल त्यातील चांदीइतके असते, आणि ते कोणासही स्वतः काढता येते. कंपनी सरकारने १८३५ साली आपल्या ताब्यातील मुलखासाठी एकाच प्रमाणाचा रुपया सुरू केला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा किंवा ११.६६ ग्रॅम होते. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी आणि एक भाग हीण असे. म्हणजे एका रुपयात सुमारे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी. हेच प्रमाण चौथ्या विल्यमपासून पाचव्या जॉर्जपर्यंत कायम राहिले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, हे प्रमाण बदलण्यात आले. नव्या रुपयात चांदी निम्मीच ठेवून उरलेल्या निम्म्यात तांबे, निकेल व जस्त घालण्यात आले. उच्च कसाची जुनी नाणी त्यानंतर टप्प्याटप्प्याने चलनातून परत घेण्यात आली. त्यामुळे १९२० चा रुपया आणि १९४२ चा रुपया हातात सारखेच वाटले, तरी दुसऱ्यात शुद्ध चांदी अवघी ५.८३ ग्रॅम असते. या नव्या रुपयाच्या कडेवरील रेघांच्या मधोमध एक खाच फिरविलेली दिसते. ती त्याची ओळखीची खूण होय. १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा असून त्यात चांदी मुळीच नाही.

तेव्हा नाण्याचे वजन, त्यावरील साल आणि त्या दिवसाचा चांदीचा भाव या तीन गोष्टी माहीत असल्या की धातूचे मोल निघते. यापेक्षा कमी किमतीस नाणे देण्याचे कारण नाही. यापेक्षा अधिक किती मिळावे, हे मात्र पुढील गोष्टींवर अवलंबून असते.

केवळ प्राचीनता पुरेशी नाही

नाणे जितके जुने तितके मोलाचे, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे, हे महाराष्ट्रातीलच एका प्रसिद्ध उदाहरणावरून स्पष्ट होते. नाशिक जिल्ह्यातील गोदाकाठच्या जोगलटेंभी या गावी १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यात १३,२५० हून अधिक नाणी होती. ती सर्व क्षत्रप राजा नहपान याची. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा उमटविलेला होता. ही नाणी सुमारे १,९०० वर्षांपूर्वीची आहेत. परंतु ती एवढ्या मोठ्या संख्येने मिळाल्यामुळे नहपानाचे साधारण नाणे आजही संग्राहकांना फारसे दुष्प्राप्य नाही.

याच्या उलट उदाहरण सहाव्या जॉर्जच्या १९३९ सालच्या मुंबई टाकसाळीच्या रुपयाचे. त्यास अद्याप शंभर वर्षेही झालेली नाहीत. परंतु त्या सालाचे फारच थोडे नग लोकांच्या हाती राहिले. त्यामुळे आदल्या, म्हणजे १९३८ सालचा रुपया सहज मिळतो, तर १९३९ चा रुपया अत्यंत दुर्मीळ मानला जातो. नहपानाच्या पुरातन नाण्यापेक्षा हा अलीकडचा रुपया कित्येक पटींनी महाग ठरतो. म्हणजेच वयापेक्षा संख्या अधिक महत्त्वाची.

दुर्मिळता म्हणजे काय ?

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. टाकसाळीत किती नाणी पाडली गेली ही एक संख्या, आणि त्यांपैकी आज किती शिल्लक आहेत ही दुसरी. संग्राहकाचा संबंध दुसऱ्या संख्येशी असतो. चांदीचे भाव चढले की नाणी वितळविली जातात. सरकारही जुनी नाणी परत घेऊन आटविते. १९११ च्या रुपयाची हकिकत या दृष्टीने उद्बोधक आहे. पाचव्या जॉर्जच्या अंगरख्यावरील हत्तीचे चित्र इतके सदोष उमटले होते की ते डुकरासारखे दिसू लागले. लोकांत त्याविरुद्ध नाराजी पसरली. त्या सालाचे सुमारे ९४ लाख रुपये पाडण्यात आले होते, परंतु बाहेर पडलेले सुमारे ७ लाखच. उरलेले पुन्हा आटविण्यात आले. १९१२ पासून हत्तीचे चित्र सुधारून घेण्यात आले. आज १९११ च्या रुपयास १९१२ च्या रुपयापेक्षा अधिक मागणी आहे ती यामुळेच.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ च्या सुमारास, रुपयांची प्रचंड टंचाई निर्माण झाली व मुंबई आणि कलकत्ता येथील टाकसाळींनी कोट्यवधी रुपये पाडले. घरोघरी सापडणाऱ्या राजाछाप रुपयांत या सालांचा भरणा मोठा असतो. असे रुपये सुस्थितीत असले तरी त्यांना चांदीच्या किमतीहून थोडेसेच अधिक मोल येते.

कधीकधी दुर्मिळता एखाद्या बारीक खुणेत दडलेली असते. व्हिक्टोरिया राणीच्या १८६२ सालच्या रुपयाचे उदाहरण घ्यावे. १८६२ हेच साल नाण्यावर १८७४ पर्यंत छापले जात होते. त्यामुळे साधारण १८६२ चा रुपया विपुल आहे. परंतु त्यावरील ठिपक्यांच्या संख्येत व जागेत फरक असून त्यानुसार अनेक प्रकार पडतात. त्यांतील काही पुष्कळ विरळ आहेत. त्याचप्रमाणे एकाच सालाचा रुपया मुंबईच्या टाकसाळीचा की कलकत्त्याच्या, हेही त्यावरील बारीक ठिपक्यासारख्या खुणेवरून ओळखावे लागते. म्हणून नाणे पाहताना साल वाचून थांबू नये. बहिर्गोल भिंगातून दोन्ही बाजू व कडा नीट तपासाव्यात.

संस्थानी व मराठेशाही रुपये

इंग्रजी कलदार रुपया यंत्रावर पाडलेला असल्याने एकसारखा असतो. त्यापूर्वीचे रुपये हातोड्याच्या घावाने ठोकलेले असत. चांदीची चकती लहान आणि ठसा मोठा असल्यामुळे मजकुराचा काही भाग नाण्याबाहेर जाई. म्हणून अशा नाण्यावर टाकसाळीचे नाव, साल आणि ओळखीचे चिन्ह जितके पूर्ण उमटले असेल, तितके त्याचे मोल वाढते. केवळ चार-दोन अक्षरे दिसणारे नाणे त्याच जातीच्या पूर्ण नाण्याच्या मानाने स्वस्त जाते.

या नाण्यांवर बहुधा फारसी मजकूर असतो आणि त्यात शाह आलमसारख्या मोगल बादशहाचे नाव असते. त्यामुळे मालकाचा समज होतो की नाणे मोगलांचे आहे. वस्तुतः अठराव्या शतकात मराठी सरदारांनी व संस्थानिकांनी चलनाची पत राहावी म्हणून बादशहाचेच नाव पुढे चालू ठेवले व स्वतःची ओळख चिन्हांतून दाखविली. पुण्याच्या अंकुशी रुपयावर अंकुशाचे चिन्ह आहे. अहिल्याबाई होळकरांच्या काळातील महेश्वरच्या रुपयावर शिवलिंग व बेलपत्र आढळते, तर मल्हारनगर म्हणजे इंदूरच्या रुपयावर सूर्यमुख दिसते. नाशिक भागात चांदवडी रुपया चाले. मराठवाड्यात हैदराबाद संस्थानाचा हाली रुपया चाले, ज्याच्या नंतरच्या नाण्यांवर चारमिनारचे चित्र आहे. बडोद्याचे सयाजीराव महाराज तिसरे यांच्या रुपयावर त्यांची मुखाकृती व नागरी अक्षरे आहेत. भोपाळ संस्थानाचाही स्वतःचा रुपया होता.

हे निरनिराळे रुपये एकाच बाजारात येत, तेव्हा सराफ प्रत्येकाचा कस पाहून त्यावर बट्टा आकारीत. एखाद्याच्या नावाला बट्टा लागणे हा आपल्या बोलण्यातील वाक्प्रचार त्याच व्यवहाराची आठवण देतो. पारख करताना सराफ नाण्यावर बारीक छिद्रे वा ठोके मारीत. आजच्या संग्राहकास अशा खुणा इतिहास म्हणून रोचक वाटतात, पण नाण्याची किंमत त्या बहुधा कमीच करतात.

नाण्याची अवस्था

दोन नाणी एकाच सालाची व एकाच टाकसाळीची असली, तरी एकाची किंमत दुसऱ्याच्या अनेक पट असू शकते. याचे कारण अवस्था. राणीच्या केसांच्या रेषा, मुकुटावरील नक्षी, राजाच्या अंगरख्यावरील कलाकुसर हे उंच भाग आधी झिजतात. या रेषा स्पष्ट असतील आणि टाकसाळीतून निघतानाची मूळ चकाकी टिकून असेल, तर विपुल सालाच्या नाण्यासही चांगला भाव येतो. उलट, दुर्मीळ सालाचे नाणे अगदी गुळगुळीत झालेले असल्यास त्यास मागणी कमी.

दुर्दैवाने बहुतेक नाण्यांचे नुकसान प्रेमापोटीच होते. चांदीवर हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे हळूहळू काळपट थर चढतो. तो घाण समजून चिंच, लिंबू, राख, रांगोळी किंवा दंतमंजन यांनी नाणे घासले जाते. नाणे लखलखीत होते खरे, पण त्याच्या पृष्ठभागावर असंख्य बारीक चरे पडतात आणि मूळ चकाकी कायमची नाहीशी होते. तो काळपट थर नाण्याच्या जुनेपणाची साक्ष असतो. अनुभवी संग्राहक त्यासाठी अधिक मोल देतात, आणि घासलेले नाणे पाहताक्षणी बाजूस ठेवतात. तीच गोष्ट भोक पाडलेल्या अथवा डाग देऊन कडी बसविलेल्या नाण्यांची. माळेतील रुपयांना दागिना म्हणून व कुटुंबाची आठवण म्हणून मोल आहेच. संग्राहकाच्या लेखी मात्र ते खंडित नाणे ठरते.

म्हणून नाणे घासू नये. ते कडेला धरून उचलावे. प्रत्येक नाणे वेगळ्या कोरड्या कागदी पाकिटात ठेवावे. मऊ पी.व्ही.सी. प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून कालांतराने निघणारी द्रव्ये नाण्यास चिकटून त्याची हानी करतात, म्हणून त्या टाळाव्यात.

खरे आणि खोटे

रुपया वाजवून घ्यावा, अशी जुनी शिकवण आहे. ती आजही उपयोगी आहे, परंतु पुरेशी नाही. ओतीव बनावट नाण्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्म छिद्रे दिसतात, अक्षरे बोथट असतात व कडेवर सांध्याची रेघ आढळते. वजन ११.६६ ग्रॅमहून बरेच कमी-अधिक असल्यास संशय घ्यावा. झिजेमुळे थोडी घट होणे मात्र स्वाभाविक आहे.

शाळेतील विज्ञानाच्या तासाला करता येईल अशी एक चाचणी आहे. नाजूक काट्यावर पाण्याचे भांडे ठेवावे, काटा शून्यावर आणावा व दोऱ्याने बांधलेले नाणे तळाला न टेकविता पाण्यात पूर्ण बुडवावे. उच्च कसाचा पूर्ण वजनाचा रुपया असल्यास काटा सुमारे १.१३ ग्रॅम दाखवील. नाणे हलक्या धातूचे असल्यास आकडा वाढेल. आर्किमिडीजच्या तत्त्वाचा हा साधा उपयोग असून त्यात नाण्यास कोणताही अपाय होत नाही.

काही वस्तू तर मुळात नाणीच नव्हेत. राम दरबार किंवा हनुमानाचे चित्र, ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि १८१८ किंवा १८३९ असे साल असलेले तांब्या-पितळेचे तुकडे बाजारात मिळतात. ते कधीही चलनात नव्हते. धनत्रयोदशीस विकली जाणारी, राणीची वा राजाची प्रतिमा असलेली नवी चांदीची नाणी शुद्ध चांदीची असू शकतात, परंतु त्यांना धातूपलीकडे मोल नाही. विपुल सालाचा आकडा कोरून त्याचे दुर्मीळ साल करण्याचा प्रकारही चालतो.

विक्री करताना सावधगिरी

नाण्यास ठरलेला सरकारी भाव नसतो. एखाद्या वेळी ते किती जणांना हवे आहे आणि त्यासाठी ते किती देण्यास तयार आहेत, यावर किंमत ठरते. सूचिपुस्तकांतील आकडे मार्गदर्शक समजावेत. विक्रेत्याने मागितलेली किंमत व प्रत्यक्ष व्यवहार झालेली किंमत यांत मोठे अंतर असते. नावाजलेल्या लिलावांतील प्रत्यक्ष बोली हा अधिक विश्वसनीय आधार होय. निदान दोन जाणकारांचे मत घेतल्याखेरीज व्यवहार करू नये.

जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो, त्यासाठी आधी नोंदणी शुल्क, कर किंवा दलाली भरा, असे सांगणारे दूरध्वनी व जाहिराती ही उघड फसवणूक असते. असे ठक रिझर्व्ह बँकेच्या नावाचा गैरवापर करीत असल्याचे आढळल्यावर बँकेने ऑगस्ट १९२१ मध्ये नव्हे, तर अगदी अलीकडे, ऑगस्ट २०२१ मध्ये, जाहीर इशारा दिला. आपण असे व्यवहार करीत नाही व त्यासाठी कोणतेही शुल्क घेत नाही, असे बँकेने त्यात स्पष्ट केले. तांदूळ ओढून घेणाऱ्या चमत्कारी नाण्याची कथा सांगून पैसे उकळणाऱ्या टोळ्यांपासूनही खेड्यापाड्यांतील लोकांनी सावध राहावे. ज्यास खरोखर नाणे विकत घ्यावयाचे असते, तो पैसे देतो, मागत नाही.

जमिनीत सापडलेली नाणी आणि कायदा

घरात वारसाहक्काने आलेली नाणी व जमिनीत सापडलेली नाणी यांत कायद्याने मोठा फरक केला आहे. विहीर खणताना, नांगरताना किंवा जुने घर पाडताना जमिनीत पुरलेले धन मिळाले आणि त्याची किंमत दहा रुपयांहून अधिक असली, तर सापडणाऱ्याने त्याची लेखी माहिती जिल्हाधिकाऱ्यास देणे १८७८ च्या गुप्तधनाविषयीच्या कायद्यानुसार बंधनकारक आहे. हा कायदा आजही लागू आहे. माहिती दडविल्यास सापडणाऱ्याचा त्या धनावरील हिस्सा जातो, आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

माहिती दिली तर सर्वच सरकारजमा होते, ही भीती मात्र निराधार आहे. चौकशीअंती धन बेवारस ठरल्यास, आणि दोघांत वेगळा करार नसल्यास, तीन चतुर्थांश हिस्सा सापडणाऱ्याचा व एक चतुर्थांश जागेच्या मालकाचा असतो. सरकारला ते धन संग्रहासाठी घ्यावयाचे असल्यास धातूची किंमत व तिच्या एकपंचमांशाइतकी अधिक रक्कम हक्कदारांस देण्याची तरतूद आहे. याशिवाय, १९७२ च्या पुराणवस्तूंविषयीच्या केंद्रीय कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुराणवस्तूंत मोडतात. ती खाजगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाहीत आणि त्यांचा व्यापार करण्यास परवाना लागतो.

येथे जोगलटेंभीच्या साठ्याचे महत्त्व पुन्हा ध्यानात येते. त्यातील एकेका नाण्याची किंमत बेताची असेल. पण तो साठा एकत्रित अभ्यासकांपुढे आला, म्हणून गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव करून त्याचे चलन आपल्या नावाने फिरविले, याचा ढळढळीत पुरावा देशाला मिळाला. तीच नाणी दहा-वीस सराफांकडे वाटली जाऊन मुशीत गेली असती, तर चांदी उरली असती आणि इतिहासाचे एक पान कायमचे कोरे राहिले असते. नाणे कोठे, कशात व कोणत्या नाण्यांसोबत सापडले, ही माहिती नाण्याइतकीच मोलाची असते. ती एकदा हरवली की कोणत्याही किमतीस परत मिळत नाही.

नोंद करणे आवश्यक

या कामी शिक्षक, ग्रामसेवक व तलाठी यांना पुष्कळ करता येईल. घरातील नाण्यांची साधी वही ठेवण्याची सवय विद्यार्थ्यांना लावावी. तीत नाण्याचे वजन, व्यास, साल, दोन्ही बाजूंचे वर्णन आणि ते कुटुंबात कोणाकडून आले याची नोंद असावी. शक्य तर छायाचित्रही जोडावे. ज्या नाण्याची पूर्वपीठिका लिहिलेली आहे, त्यावर खरेदीदाराचाही विश्वास बसतो. फारसी मजकूर वाचता येत नसल्यास जवळच्या शासकीय वस्तुसंग्रहालयाकडे किंवा पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करावी. नाणकशास्त्राच्या अभ्यासासाठी नाशिकजवळ अंजनेरी येथे स्वतंत्र संशोधन संस्था आहे. भोपाळमधील रहिवाशांना श्यामला टेकडीवरील राज्य संग्रहालयास भेट देता येईल.

सारांश, चांदी नाण्याला किमान मोल देते. शिल्लक संख्या, अवस्था, अस्सलपणा व मागणी त्यात भर घालतात. आणि त्याची नोंदलेली हकिकत त्याला इतिहासात स्थान देते. नाणे विकावे की ठेवावे, हा ज्याच्या त्याच्या गरजेचा प्रश्न आहे. गरजेपोटी विकण्यात कमीपणा नाही. परंतु मोडीत काढण्यापूर्वी ते काय आहे, हे एकदा जाणून घ्यावे. मुशीत गेलेली चांदी पुन्हा मिळेल. त्यावरील अक्षरे पुन्हा मिळणार नाहीत.